रत्नागिरीहून नागपूर: काळ्या मातीतले पहिले वर्ष

गेल्या मार्चमध्ये नवऱ्याची नागपूरला बदली झाली आणि रत्नागिरीतील बैठे घर, मागचे परस आणि नऊ वर्षांत जमवलेल्या साठेक कुंड्या मागे ठेवून आम्ही दोघे पश्चिम नागपुरातील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. येथे आम्हाला पश्चिमेकडे तोंड असलेली, चौदा फूट लांब व चार फूट रुंद अशी एक बाल्कनी मिळाली. पुढे घरमालकांच्या परवानगीने गच्चीचा एक कोपराही मिळाला. कोकणातून विदर्भात किंवा तशाच दमट प्रदेशातून कोरड्या प्रदेशात बाग हलवणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून वर्षभराच्या नोंदवहीतील महत्त्वाच्या गोष्टी येथे क्रमाने लिहीत आहे. तापमान, पाणी आणि खतमात्रा यांची नोंद नवरा ठेवतो. मातीत हात घालण्याचे काम बहुतेक माझे असते.

काय न्यायचे आणि काय ठेवायचे, यावर आमचा तीन दिवस वाद चालला होता. नवऱ्याला सर्व काही न्यायचे होते. मला मात्र आंबा घाट चढल्यावर पुढे कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, यवतमाळ असा दोन दिवसांचा प्रवास आणि मार्चचे ऊन दिसत होते. अखेर चौदा कुंड्या निवडल्या: सोनचाफ्याचे कलम, अनंत, बकुळीचे रोप, दोन अबोली, मिरीचा वेल, तुळस, ओवा, गवती चहा आणि उरलेल्यांत अळू, हळद व आले. निघण्याच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी दिले, प्रत्येक कुंडीच्या तोंडावर ओले गोणपाट बांधले आणि सोनचाफ्याची एक तृतीयांश पाने काढून टाकली, कारण मुळे हादरलेली असताना तितक्या पानांना पाणी पुरवणे झाडाला जमत नाही. सामान वाहणाऱ्यांनी कुंड्या सर्वांत शेवटी चढवाव्यात असे ठरले होते. प्रत्यक्षात त्या कपाटांच्या मागे गेल्या आणि तीन कुंड्या फुटल्या. झाडे मात्र सर्वच्या सर्व पोहोचली. पहिल्या रात्री आम्ही स्वयंपाकघराची खोकी उघडली नाहीत, फुटलेल्या कुंड्यांतील मुळे बादल्यांत बसवून मगच जेवलो.

पहिली चूक मातीची झाली. रत्नागिरीची जांभ्याची माती तांबडी, आम्लधर्मी आणि पाणी पटकन सोडणारी असते. तिच्यासाठी बसलेले हात मी येथील काळ्या मातीला तसेच लावले. फुटलेल्या कुंड्यांच्या जागी नव्या कुंड्या आणून त्यांत केवळ काळी माती आणि थोडे शेणखत भरले. पहिल्या पाण्याला माती फुगली आणि पाणी वर साचून राहिले. चार दिवसांनी ती सुकली, आकसली आणि कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटली. त्यानंतर घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाऊ लागले. बशीत पाणी दिसत असल्याने झाडाला ते पुरले असे वाटे, आणि आतला गोळा मात्र कोरडाच राहत असे. अशा वेळी वरून पाणी घालण्यापेक्षा कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवून ठेवणे हाच उपाय आहे. बुडबुडे थांबले की आतपर्यंत ओल पोहोचली असे समजावे.

त्यानंतर आम्ही माती नीट तपासली. काचेच्या बरणीत एक भाग माती व तीन भाग पाणी घालून ती जोराने हलवली आणि स्थिर ठेवली. वाळू मिनिटभरात तळाशी बसली, पण वरचे पाणी तिसऱ्या दिवशीही गढूळच होते, म्हणजे चिकणमातीचे प्रमाण फार मोठे होते. मातीतले पांढरे खडे वेगळे काढून त्यांवर लिंबाचा रस टाकला, तेव्हा ते फसफसले. ते चुनखडीचे खडे होते. काळ्या मातीत चुनखडी असली की तिचा सामू (पीएच) अल्कधर्मी राहतो आणि लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. अनंताची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या का दिसत होत्या, याचे उत्तर त्या लिंबाच्या रसाने दिले.

सध्या वापरत असलेले मिश्रण असे आहे: एक भाग काळी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भाताचे तूस, अर्धा भाग कोकोपीट आणि वीस लिटरच्या पिशवीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. भंडारा-गोंदियाकडे धानाचे पीक मोठे असल्यामुळे तूस येथे सहज मिळते. काळी माती सुटसुटीत करण्यासाठी थोडीशी वाळू मिसळण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण माझ्या मते तो टाळावा, कारण चिकणमातीत थोडी वाळू घातल्यास माती मोकळी होण्याऐवजी विटेसारखी घट्ट होते. या मिश्रणाचा दुसरा फायदा वजनाचा आहे. वीस लिटरची पिशवी नुसत्या ओल्या मातीने भरली तर ती तीस किलोच्या वर जाते. आमच्या मिश्रणाची पिशवी पाणी दिल्यावर अठरा किलो भरली. हा आकडा दाखवल्यावरच घरमालकांनी गच्चीचा कोपरा वापरू दिला, आणि त्यांची काळजी योग्यच होती.

अनंत, बकुळ आणि सोनचाफा यांना मात्र त्यानंतर काळी माती मुळीच दिली नाही. त्यांची रत्नागिरीची माती तशीच ठेवून वर पानांचे खत घालतो. अनंताला सुरुवातीला हिराकस (फेरस सल्फेट) दिले, पण नळाच्या कठीण पाण्यामुळे त्याचा परिणाम टिकला नाही. अल्कधर्मी परिस्थितीत ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोहच, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह, उपयोगी पडते, ईडीटीए प्रकारचे नाही. खरेदी करताना पाकिटावरचे हे नाव अवश्य पाहावे. तीन आठवड्यांत नवी पाने हिरवी आली. जुनी पिवळी पाने पुन्हा हिरवी झाली नाहीत आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

खरी परीक्षा उन्हाळ्याने घेतली. कोकणातील मे महिना घामाचा असतो, पण हवेत ओल असते, त्यामुळे पान कोमेजले तरी सायंकाळी सावरते. येथील ऊन कोरडे आहे आणि त्याच्या जोडीला गरम वारा असतो. २० मेच्या दुपारी चार वाजता आमच्या बाल्कनीतील तापमापकाने ४६ अंश दाखवले. त्या आठवड्यात सोनचाफ्याची उरलेली सर्व पाने कडेपासून करपली आणि गळून पडली. मिरीच्या वेलाची पाने कागदासारखी झाली. शेजारच्या काकू रोज सकाळी त्यांच्या बाल्कनीतून आमची धडपड पाहत असत. नवी रोपे आणण्याचा विचार मी त्यांना बोलून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, “नवतप्यात काहीच नका लावू जी, मिरग लागू द्या.” सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे, म्हणजे साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस येथे नवतपा म्हणून ओळखले जातात आणि अनुभवी माणसे त्या दिवसांत झाडाला केवळ जगवतात, त्याच्याकडून वाढीची अपेक्षा करत नाहीत. आम्हीही खत पूर्ण बंद केले, नवी लागवड थांबवली आणि सावलीकडे लक्ष दिले.

सावलीच्या बाबतीत शिकलेली गोष्ट अशी की पन्नास टक्क्यांची हिरवी नेट पश्चिमेच्या बाल्कनीला पुरत नाही. आम्ही पंचाहत्तर टक्क्यांची नेट आणली आणि ती झाडांपासून दीड फूट दूर बांधली, कारण नेट पानांना टेकली तर वारा खेळत नाही आणि नेटची उष्णता पानांना लागते. नेटच्या आत तापमान बाहेरच्यापेक्षा चार ते पाच अंशांनी कमी राहिले. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या गोणपाटाने गुंडाळल्या, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या, मोठ्या झाडांच्या पायथ्याशी वाळलेल्या पानांचे दोन इंच आच्छादन घातले आणि मिरीचा वेल सरळ न्हाणीघराच्या खिडकीत नेला. तो आजही तेथेच आहे आणि समाधानाने वाढत आहे.

पाण्याबद्दल दोन सूचना आवर्जून देतो. गच्चीवरच्या टाकीतील पाणी मे महिन्यात रात्री आठ वाजताही हाताला चटका देते, त्यामुळे ते थेट झाडांना घालू नये. रात्री झोपण्यापूर्वी आम्ही पिंप भरून ठेवतो आणि पहाटे साडेपाचला तेच निवलेले पाणी देतो. दुसरी सूचना कूलरची आहे. येथे घरोघरी खिडकीला कूलर असतो आणि आमच्याकडेही आला. त्याच्या टाकीत उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून नवरा ते अबोलीला घालत असे. पंधरा दिवसांत अबोलीच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. रोज नवी भर पडत गेल्यावर तळाचे पाणी चांगलेच खारट होते. ते पाणी फरशी धुण्यास वापरावे. कुंडीतले क्षार वाहून जातील इतके साधे पाणी तीन वेळा दिल्यावर अबोली सावरली.

जूनच्या मध्यास पाऊस आला. सोनचाफ्याचे तोपर्यंत केवळ खोड उरले होते. नवऱ्याने ते टाकून देण्यास ठाम विरोध केला आणि नखाने साल खरवडून दाखवली. आत हिरवे होते. कलमाच्या जोडाच्या वर हिरवेपणा असेल तर वाट पाहावी. जोडाच्या खालूनच फुटवा आला तर तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या खालच्या झाडाचा असतो आणि काढून टाकावा लागतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जोडाच्या वर वीतभर अंतरावर दोन डोळे फुटले. त्या सकाळी नवरा कामावर उशिरा गेला. पावसाचे पाणी आम्ही पिंपांत साठवले आणि ते केवळ अनंत, बकुळ व सोनचाफा यांच्यासाठी राखून ठेवले.

पावसाळ्यात बागेमुळे घराला माणसे मिळाली, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते. बी घ्यायला बाजारात गेले असता विक्रेत्याने सांबार हवा का असे विचारले, तेव्हा येथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे कळले. चवळीच्या शेंगा बरबटी आणि आमचे अळू ते धोपा झाले. रत्नागिरीहून आणलेले अळू गच्चीवर असे फोफावले की दोघांना संपेना. भाद्रपदात शेजारच्या काकूंकडे महालक्ष्मी बसल्या. आम्ही ज्यांना गौरी म्हणतो त्याच या. नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. त्यांतील धोपा, दोडका आणि भेंडी आमच्या गच्चीवरून गेली, शिवाय अबोलीचे दोन गजरे गेले. अबोली येथे फारशी दिसत नसल्यामुळे त्या गजऱ्यांची पुष्कळ चौकशी झाली आणि पुढच्या महिन्यात मी सहा घरांना अबोलीची छाटकलमे करून दिली. त्या दिवशी काकूंकडे पंगतीत वाढायला मला उभे केले, तेव्हा या शहरात आल्यापासून प्रथमच मी पाहुणी नव्हते.

त्याआधी काकूंनी वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीचे गड्डे दिले होते, ते मी जूनमध्येच दोन पिशव्यांत लावले होते. पाव किलो बेण्यापासून जानेवारीत पावणेदोन किलो ओली हळद निघाली. शेजारच्याच पिशवीत लावलेली आमची रत्नागिरीची हळद सव्वा किलो भरली. एका हंगामाच्या दोन-तीन पिशव्यांवरून निष्कर्ष काढणे योग्य नाही, पण वायगावच्या हळदीचा रंग निश्चितच अधिक गडद होता.

हिवाळा हे नागपूरचे सर्वांत मोठे देणे आहे. डिसेंबरमध्ये रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरले आणि रत्नागिरीत जे कधीच मनासारखे जमले नव्हते ते येथे आपोआप जमले. मटार, गाजर, नवलकोल आणि पालक ही सर्व पिके गच्चीवर आली, आणि शेवंतीला तर पानांपेक्षा फुले जास्त होती. मटाराची पेरणी आम्ही २० ऑक्टोबरला केली. ती आणखी पंधरा दिवसांनी केली असती तर शेंडे कोवळेपणी करपले नसते. मावा जानेवारीत आला, पण पाच मिली निंबोळी तेल व थोडे साबणपाणी एक लिटर पाण्यात मिसळून आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारल्यावर आटोक्यात राहिला. थंडीत मिरीचा वेल थांबला आणि तुळस काळवंडली. तुळशीच्या मंजिऱ्या आधीच वाळवून ठेवल्या होत्या, त्यांतून आता नवी रोपे उगवली आहेत.

नोव्हेंबरमध्ये आम्ही नागपुरी संत्र्याचे एक कलम आणले, जंभेरीच्या खुंटावर बांधलेले. आणावे की नाही यावर पुन्हा वाद झाला, कारण बदलीची नोकरी आहे आणि संत्र्याला फळ धरायला काही वर्षे जातात. नवऱ्याचे म्हणणे होते की परत जाताना ते नेता येणार नाही. मी म्हणाले की तेव्हा काकूंना देऊ. कलम वीस इंची कुंडीत लावले असून जोड मातीच्या वर चार बोटे ठेवला आहे, कारण जोड मातीखाली गेला तर डिंक्या रोगाचा धोका वाढतो.

आज फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आहे. चौदांपैकी अकरा झाडे जिवंत आहेत. गवती चहा, ओवा आणि आले गेले. सोनचाफा अडीच फुटांचा झाला आहे, फूल अद्याप नाही. दुपारचे तापमान आताच ३५ अंशांवर गेले आहे. या वर्षी नेट गुढीपाडव्यापूर्वी बांधायची, पिंपे दोनाची चार करायची आणि संत्र्याचे कलम गच्चीवरून बाल्कनीच्या उत्तरेकडील कोपऱ्यात आणायचे, एवढे ठरले आहे. नेटसाठी लागणारे बांबू आज सायंकाळी आणणार आहोत.