वॉटर पोलो शिकताना: आधी पाय, मग चेंडू

पोहता येणे ही वॉटर पोलोची, म्हणजे पाण्यात तरंगत प्रतिस्पर्धी संघाच्या गोलात चेंडू टाकण्याच्या खेळाची, पहिली अट असली, तरी लांब अंतर सहज पोहणारा माणूसही या खेळात लवकर दमतो, कारण येथे बराच वेळ शरीर आडवे नसून उभे ठेवावे लागते. तळाला पाय टेकवायचे नाहीत, कठड्याचा आधार घ्यायचा नाही आणि गोलजवळचा गोलरक्षक वगळता कोणीही चेंडू एकाच वेळी दोन्ही हातांनी हाताळायचा नाही. हे नियम एकत्र पाहिले की शिकण्याचा क्रम आपोआप ठरतो. हात मोकळे हवे असतील, तर तरंगण्याचे काम पायांनाच करावे लागते.

त्यासाठी एगबीटर किक शिकवतात. पाण्यात खुर्चीवर बसल्याप्रमाणे पाठ ताठ ठेवायची, मांड्या फाकवायच्या आणि दोन्ही पाय गुडघ्यापासून आळीपाळीने परस्परविरुद्ध दिशांना गोल फिरवायचे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही पाय एकदमच पाणी ढकलतात, त्यामुळे शरीर वर उचलले जाते आणि पुन्हा खाली जाते. येथे मात्र एक पाय परत येत असताना दुसरा ढकलत असतो, म्हणून डोके एकाच उंचीवर स्थिर राहते. आधी मनगटे, मग कोपरे पाण्याबाहेर काढून हाच सराव करायचा असतो. तो कंटाळवाणा आहे, हे मान्य. परंतु त्याला पर्याय नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो, म्हणून खुब्याचे सांधे मोकळे करणारे व्यायाम मी आधी करतो.

चेंडू फेकण्याचे बळही पायांतूनच येते. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डावा खांदा लक्ष्याकडे वळवायचा, डाव्या हाताने पाणी दाबून तोल सांभाळायचा आणि पायांच्या जोरावर छाती वर उचलून कंबरेपासून वळत चेंडू सोडायचा. झेलताना हात चेंडूबरोबर मागे न्यावा लागतो. ताठ हातावर आदळलेला चेंडू उडून जातो.

नवशिक्याला सर्वांत उलटा वाटणारा नियम चेंडू धरण्याचा आहे. ज्याच्या हातात चेंडू आहे, त्याला प्रतिस्पर्धी धरू किंवा बुडवू शकतो. चेंडू हातात नसलेल्याला मात्र धरणे, बुडवणे किंवा मागे ओढणे हा मोठा फाउल ठरतो आणि तसे करणाऱ्याला तात्पुरते बाहेर पाठवले जाते. असे वैयक्तिक फाउल तीन झाले, की उरलेल्या सामन्यात त्याला खेळता येत नाही. दडपण आले की चेंडू घट्ट पकडावासा वाटतो, आणि नेमके तेव्हाच तो सोडणे शहाणपणाचे असते. शिवाय अडवले जात असताना चेंडू पाण्याखाली दाबला, तर फाउल चेंडू धरणाऱ्याच्याच नावावर लागतो.

प्रत्येक संघाचे सात जण पाण्यात असतात आणि प्रत्यक्ष खेळाच्या आठ-आठ मिनिटांचे चार भाग होतात. जागा आणि डावपेच यांची चर्चा मी तूर्त बाजूला ठेवली आहे. सध्या सारा भर ड्रिब्लिंगवर आहे: डोके वर, कोपरे उंच, हात आखूड, आणि चेंडू दोन हातांच्या मधल्या लाटेवर पुढे सरकणारा. नियमांनुसार असे पोहणे ‘चेंडू धरणे’ ठरत नाही, त्यामुळे मागून येणाऱ्याला पाय ओढण्याची मुभा मिळत नाही.