शौल भाऊ

आमच्या घरी बायबल रोज वाचलं जायचं. रविवारच्या शाळेत वचनं पाठ म्हणण्यात माझा पहिला नंबर ठरलेला. त्यामुळे नववीत सरांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढायला सांगितला, तेव्हा मी पान उलटायचीही तसदी घेतली नाही. जन्मांध माणूस, येशूनं थुंकीनं केलेला चिखल, शिलोहाचं तळं, सगळं तोंडपाठ! सर मात्र तळ्यापाशी रेंगाळले नाहीत, थेट शेवटाला आले. परूशी, म्हणजे धर्मशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, विचारतात, आम्हीही आंधळे आहोत काय? येशू म्हणतो, तुम्ही आंधळे असता तर तुम्हांला पाप नसतं. पण आम्हांला दिसतं असं तुम्ही म्हणता, म्हणून तुमचं पाप तसंच राहतं. सरांनी पुस्तक मिटलं. "डोळे नसलेल्याला चिखल पुरला. यांच्या डोळ्यांना काय लावायचं?"

मला वाटलं, हे परूश्यांबद्दल आहे.

त्याच महिन्यात रामटेकच्या सहलीच्या पैशांचं पाकीट हरवलं. मधल्या सुट्टीत अमुक मुलगा टेबलापाशी होता, असं मी भर वर्गात उभं राहून सांगितलं. तो होताही. पण मी ते अशा आवाजात सांगितलं की सगळ्यांनी 'यानंच घेतलं' असं ऐकलं. तो इंदोऱ्याहून पायी यायचा, त्याचा शर्ट उसवलेला असायचा, आणि माझी खात्री त्यावरूनच झाली होती. हे लिहिताना आजही हात जड होतो. दोन दिवस तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी पाकीट हजेरीपटाच्या कव्हरात सापडलं.

सरांनी मला मारलं नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय नववा, मोठ्यानं वाचायला लावला. प्रभूच्या शिष्यांना बांधून आणायला शौल दिमिष्काला, म्हणजे दमास्कसला, निघालेला. शास्त्र त्यालाही तोंडपाठ होतं. वाटेत प्रकाश चमकला, तो पडला, उठला तेव्हा डोळे उघडे पण दिसेना. लोकांनी हाताला धरून त्याला गावात नेलं. तीन दिवस तसाच. मग प्रभूनं तिथल्याच हनन्या नावाच्या शिष्याला रस्त्याचं नाव सांगितलं, 'नीट', आणि घर सांगितलं यहूदाचं. हनन्या घाबरला, तरी गेला. आत जाताच त्यानं हाक मारली, "शौल भाऊ."

"त्याचं घर ठाऊक आहे?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"कडबी चौक ठाऊक आहे ना? तिथवर जा. पुढं विचार."

सरांचा देवाच्या मार्गदर्शनावरचा विश्वास असा होता. कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट ते कितीदा सांगत! १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, डब्यातल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याच स्टेशनावरून सुटलेली गाडी, हे सांगताना सरांचा आवाज भरून यायचा. स्तोत्र ११९ मध्ये वचनाला पावलांसाठीचा दिवा म्हटलं आहे. दिव्याच्या उजेडात एक पाऊल दिसतं, तेवढं टाकलं की पुढचं. नोकरी सोडताना, वडिलांच्या आजारपणात मी याच हिशोबानं चाललो.

माझे डोळे एका दिवसात उघडले, असं मी म्हणणार नाही. बेथसैदाच्या आंधळ्याला आधी माणसं झाडांसारखी चालताना दिसली; येशूनं पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले. मार्कानं आपल्या शुभवर्तमानात ते दुसऱ्यांदा हात ठेवणं गाळलं नाही, याचा मला फार आधार वाटतो.

त्या संध्याकाळी मी गड्डीगोदामावरून चालत निघालो. कडबी चौकात एका सायकलवाल्याला विचारलं, इंदोऱ्यात एका पानठेल्यावर. "कोणाकडे जाऊन राहिला बाबू?" म्हणत एका आजीनं गल्ली दाखवली. दार त्यानंच उघडलं. वाटेत जुळवलेलं सगळं भाषण विसरलो. त्याच्या नावापुढं 'भाऊ' लावून हाक मारली आणि रडू फुटलं. तो काही बोलला नाही. त्याच्या आईनं पाणी दिलं, मग चहा.

निघेपर्यंत अंधार पडला होता. पुढचा रस्ता मला ठाऊक होता, तरी तो गड्डीगोदामापर्यंत माझ्याबरोबर आला.