स्वस्तातल्या बास गिटारवर खर्च करावा का?
माझ्या स्वस्तातल्या बासला मी सगळ्यात आधी जाडजूड ब्रिज (खालच्या टोकाला तारा अडकतात तो धातूचा भाग) लावला, आणि खरं सांगू, आवाजात फरक कानाला काही कळला नाही, फक्त बास जड झाला. नंतर शहाणपण सुचलं आणि साधा सेटअप, म्हणजे आहे त्याच भागांची नीट जुळवणी केली, ट्रस रॉड (मानेतली, म्हणजे लांब दांड्यातली, वाक कमीजास्त करणारी सळई) पाव फेरी फिरवला, सॅडल (ब्रिजवरचा तार टेकते तो तुकडा) मागे सरकवून १२ व्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीपाशी) दाबून येणारा सूर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता, नुसती हलकेच स्पर्शून येणाऱ्या सुराशी) जुळवला, नवीन तारा चढवल्या, तर वाद्यच बदललं राव! ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) ढिले असले की जाड ई तार सारखी सुरातून उतरते, म्हणून ते बदलले, तो खर्च मात्र वसूल झाला. पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) नंतर बघू, आधी बासच्या आतल्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून विजेची गुणगुण कमी करतो. बासची मान ट्रस रॉडनेही सरळ होत नसेल इतकी वाकडी असेल, तर मात्र कशावरच खर्च करू नका.