समोरच्या घरचं गाणं

मुलाकडे दुबईला गेले, तेव्हा विमानतळापासून घरापर्यंत त्याने गाडीत भावगीतं लावली होती. माझ्यासाठी मुद्दाम यादी करून ठेवली होती म्हणे. एकेक गाणं ओळखीचं, गोड. मी मान डोलावत होते, मधूनच 'वा' म्हणत होते. मनात मात्र एकच घोर, बॅगेतल्या शेंगाचटणीचं तेल सुनेच्या साडीला लागलं तर नसेल ना! आईला गहिवरून येईल अशी त्याची अपेक्षा असावी. दोनतीनदा त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. गहिवर काही आला नाही.

पुढेही आला नाही. टॅक्सीवाला पेशावरचा, पण त्याच्या गाडीत रफी. एक दिरहम देऊन अब्रा नावाच्या लाकडी होडीतून खाडी ओलांडावी, तर शेजारच्याच्या मोबाइलवर लता. दुबईत हिंदी गाणं कानावर पडणं म्हणजे पंढरपुरात टाळ कानावर पडण्यासारखंच. परदेशात अवचित आपलं गाणं ऐकून ज्यांचे डोळे भरून येतात, ती माणसं बहुधा नॉर्वेबिर्वेला जात असावीत.

सर्वपित्री अमावास्येला मी सकाळी बाल्कनीच्या कठड्यावर घास ठेवला. बावीस मजल्यांच्या इमारतीत आम्ही चौदाव्यावर. कावळा एवढ्या वर कशाला येतोय? कबुतरं आली आणि वडेसुद्धा संपवून गेली. सासूबाईंना कबुतरांचा भारी राग होता. पण आता त्यांची समजूत कोण काढणार?

संध्याकाळी कढीलिंब आणायला खाली उतरले. तिकडे किराणा दुकानाला बकाला म्हणतात. आमच्या इमारतीखालचा बकाला एका मल्याळी माणसाचा आहे. पैसे द्यायच्या रांगेत माझ्यापुढे चाळिशीची एक बाई उभी होती. हातात झेंडूच्या फुलांची प्लास्टिकची पिशवी. ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. ओळ संपली की क्षणभर थांबायची, पुन्हा पुढची ओळ. तिसऱ्यांदा ती थांबली आणि त्या मोकळ्या जागेत माझ्याच तोंडून निघून गेलं, "उय्यालो".

ती गर्रकन वळली. मीही दचकलेच. ते मी म्हटलं होतं?

आमचं माहेरचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. गल्लीत मराठी घरं मोजून तीन, बाकी सगळी पद्मशाली. त्यांचे पणजे-खापरपणजे तेलंगणातून मागावर काम करायला आलेले. मागच्या बाजूला यंत्रमागाचं शेड, त्यामुळे धोट्याची खटक-खटक आमच्याकडे भिंतीतूनच यायची. समोरच्या ओट्यावर बायका विड्या वळत बसलेल्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. मजुरी हजार विड्यांवर, म्हणून हात थांबवायची सोय नाही. गाण्याला हात लागत नाहीत. म्हणून दिवसभर गाणी. ती आम्ही 'ऐकायचो' असं काही म्हणता येणार नाही. वरणाच्या फोडणीचा वास घरात येतो तशी ती यायची. आई कधी वैतागलीच तर खिडकी लावून घ्यायची. पण मार्च-एप्रिलच्या सोलापुरात खिडकी किती वेळ लावून ठेवणार?

सर्वपित्रीला तर फारच पंचाईत. आमच्याकडे पितरांचा दिवस. हसू नका, मोठ्याने बोलू नका, कावळा शिवेपर्यंत जेवायचं नाही. आणि नेमका त्याच दिवशी समोर बतुकम्मा सुरू व्हायचा. सकाळपासून माळरानावरून फुलांचे भारे यायचे. पिवळाधमक तरवड, गुलाबी शेंड्यांचे कुरडू, झेंडू. तरवडाला त्या तंगेडू म्हणायच्या आणि कुरडूला गुनुगु. ताटात फुलांचे थरावर थर रचून शिखर उभं करायचं, ते मधोमध ठेवायचं आणि भोवती फेर धरायचा. एकजण ओळ सांगणार, बाकीच्या टाळी देत वाकून 'उय्यालो' म्हणणार. घटस्थापना झाली की आमच्याकडे भोंडला. पाटावर हत्ती, भोवती फेर, शेवटी खिरापत. माझ्या दृष्टीने फरक एवढाच, की समोरचा सण एक दिवस आधी सुरू व्हायचा आणि त्यात खिरापत ओळखायची भानगड नव्हती.

आमचा नैवेद्य आटोपला की मी समोर पळायचे. आई दारातून ओरडायची, "अगं आज अमावास्या हाय की! काय करूलालीस तिथं?" करूलाले काय, टाळ्या वाजवूलाले. शब्द एक कळत नव्हता. 'उय्यालो' तेवढं वेळेवर यायचं.

2014 साली तेलंगण राज्य झालं आणि बतुकम्मा हा राज्याचा सण ठरला. टीव्हीवर हजारो बायकांचे फेर दाखवत होते. मला उगीच वाटलं, आमच्या गल्लीतला सण कुणीतरी न विचारता उचलून नेला.

तर बकाल्यातली ती बाई. आधी तेलुगूत भरभरून बोलली. मी हात जोडले. मग हिंदीत, "आप तेलुगू नहीं?"

"नहीं. सोलापूर."

"शोलापूर!" तिचा चेहरा असा उजळला, की पुढचं मला आधीच कळलं. मावशी तिथे असते, विड्या वळते, मावशीचा नवरा चादरीच्या कारखान्यात होता. ही जगतियालकडची. त्या बाजूने गावंच्या गावं आखातात कामाला आलेली आहेत. हिचा नवरा बांधकामावर, ही एका घरी मुलं सांभाळते. घरातली मालकीण भली म्हणून आज संध्याकाळची सुट्टी मिळाली. तंगेडू इथे कुठून मिळणार? झेंडूच्या चार थरांचा एक छोटा करणार आणि खोलीतल्या तिघी फेर धरणार. तिघींचा फेर कसा होतो, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

मी विचारलं, "उय्यालो मतलब?"

ती हसली. फुलांची पिशवी दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि बाळाला झुलवावं तशी झुलवून दाखवली. पाळणा. म्हणजे एवढी वर्षं मी टाळ्या वाजवून 'जो बाळा जो' म्हणत होते! बकालावाल्याने मागून खाकरून पैसे मागितले. तिने मला दोन झेंडू दिले, मी तिला काय देणार? कढीलिंबाची अर्धी जुडी दिली.

लिफ्टने वर न जाता मी खालच्या बाकावर जरा बसले. काही नाही, असंच. मग समोरच्या अक्काला फोन लावला. माहेरचं घर आम्ही केव्हाच विकलं, पण अक्का अजून तिथेच आहे. आपण दीड तास पुढे, म्हणजे सोलापुरात नऊ वाजून गेलेले. मागे बायकांचा गलका चालू होता, त्यामुळे तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"अक्का, उय्यालो म्हणजे पाळणा!"

"मग?"

"मग काय मग? इतक्या वर्षांत कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलीस?" ती म्हणाली. "थांब, फोन ठेवू नको, तुझी ओळ यायलीय बघ." आणि तिने फोन फेराच्या दिशेने धरला असावा, कारण एकदम आवाज मोठा झाला.