स्वरलेखन करताना हात कळफलकावरच ठेवावेत

स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शॉर्टकट वापरल्याने वेळ वाचतो, हे सगळेच सांगतात. मला त्याहून मोठा लाभ वेगळाच वाटतो. एखादे चिन्ह शोधण्यासाठी नजर पॅलेटकडे, म्हणजे पडद्यावरच्या चिन्हांच्या पट्टीकडे, वळली की मनात चाललेली चाल तुटते; हात कळफलकावर राहिले तर ती अखंड राहते.

म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एन’ दाबून लेखन सुरू केले की आधी अंकाने कालमान (स्वर किती वेळ टिकतो ते) ठरवायचे आणि मग सी, डी, ई अशा इंग्रजी अक्षराने स्वर द्यायचा, एवढाच मूळ क्रम आहे. ३ म्हणजे सिक्स्टीन्थ, ४ म्हणजे एट्थ, ५ म्हणजे क्वार्टर, ६ म्हणजे हाफ आणि ७ म्हणजे होल नोट, म्हणजे पूर्ण स्वर; बाकीची नावे त्याच्या अंशांची. अंक एकाने वाढला की कालमान दुप्पट होते. चार क्वार्टरच्या बारमध्ये (तालाच्या एका विभागात) सी क्वार्टर, डी आणि ई एट्थ व जी हाफ नोट असा तुकडा लिहायचा असेल, तर ५, सी, ४, डी, ई, ६, जी एवढ्या सात कळांत तो पूर्ण होतो. येथे ४ एकदाच दाबावा लागला, कारण नवा अंक येईपर्यंत आधीचे कालमान कायम राहते. सॉफ्टवेअर आधीच्या स्वराला जवळचे सप्तक निवडते; ते नको असेल तर कंट्रोल धरून वरचा किंवा खालचा बाण दाबावा. विरामासाठी शून्य असते, आणि शिफ्ट धरून अक्षर दाबले की तो स्वर कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांत, जोडला जातो.

दुरुस्तीच्या वेळी तर शॉर्टकटचे मोल अधिकच जाणवते. निवडलेला तुकडा ‘आर’ने पुन्हा लिहिला जातो. ‘क्यू’ने कालमान निम्मे आणि ‘डब्ल्यू’ने दुप्पट होते. गीताचे शब्द भरताना कंट्रोल-एल दाबून सुरुवात करावी. मग स्पेसने पुढच्या स्वरावर जाता येते, आणि एकाच शब्दातील अक्षरे तोडायची असतील तेथे हायफन पुरतो. हे एकदा हाताला बसले की माउसकडे जाण्याचे कारणच उरत नाही.

सॉफ्टवेअर बदलताना मात्र सावध राहावे. सिबेलियस, फिनाले आणि डोरिको ही स्वरलेखनाचीच इतर सॉफ्टवेअर; क्वार्टर नोट सिबेलियसच्या कीपॅडवर ४, म्यूझस्कोअर व फिनालेमध्ये ५ आणि डोरिकोमध्ये ६ या अंकावर असते. ऑगस्ट २०२४मध्ये फिनालेचा विकास थांबल्याची घोषणा झाल्यानंतर जे डोरिकोकडे वळले, त्यांच्या बोटांना प्रत्येक कालमान एका अंकाने पुढे सरकलेले भेटते. डोरिकोमध्ये हे शॉर्टकट बदलण्याची सोय आहे. तरीही, दुसऱ्याच्या संगणकावर काम करण्याची वेळ येणार असेल, तर मूळ मांडणीच शिकून घ्यावी, असे माझे मत आहे.

संपूर्ण यादी पाठ करू नये. लेखन चालू असताना हात वारंवार कशासाठी माउसकडे जातो ते पाहावे, आणि आधी तेवढीच कळ शिकावी. म्यूझस्कोअरमध्ये स्टॅकॅटोचे (स्वर तुटक वाजवण्याचे) टिंब सतत लागत असेल तर शिफ्ट-एस, ट्रिपलेट (दोन स्वरांच्या वेळात तीन स्वर) लागत असतील तर कंट्रोल-३.