आमची वाटचाल: जॉबवर्क ते टॅप टेस्ट

भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन), तीही सेकंडहँड, कर्ज काढून घेतलेली, तिथनं आमची सुरुवात. कामं बहुतेक ॲल्युमिनियमच्या खोल पॉकेटची (आत कोरलेल्या खड्ड्यांची), म्हणजे टूल लांब काढावं लागणार आणि लांब काढलं की ते ओरडणारच. ओव्हरहँग, म्हणजे होल्डरबाहेर निघालेली टूलची लांबी, 80 चा 100 एमएम केला तर टूल जवळपास दुप्पट लवतं. आणि किंचाळायला लागलं की सगळ्या शॉपमध्ये एकच औषध, फीडचा (टूल पुढे सरकण्याच्या वेगाचा) नॉब मागे! त्याने सायकल टाइम वाढतो, चॅटर, म्हणजे ती थरथर आणि किंचाळणं, तिथंच. आधीच्या दाताने जी लाट सोडली तिच्यावर पुढचा दात चालतो आणि लाट वाढतच जाते, हे ठरतं डेप्थ (कट किती खोल) आणि आरपीएमवर (स्पिंडलचे मिनिटाला फेरे), फीडचा त्यात फारसा हात नाही.

कुठल्या आरपीएमला किती डेप्थ चालेल याचा आलेख कट घ्यायच्या आधीच काढता येतो. अल्टिन्टास आणि बुडाक या संशोधकांनी 1995 ला मांडलेली पद्धत माझ्या पार्टनरने पायथॉनमध्ये बसवली. बाकी लागते सेन्सरवाली छोटी हातोडी आणि टूलच्या टोकाला मेणाने चिकटवलेला ॲक्सेलेरोमीटर. टूल स्पिंडलमध्येच ठेवून हलकेच ठोकायचं, बस, हीच टॅप टेस्ट, आणि आता आम्ही ती गिऱ्हाईकांना करून देतो.

एका गिऱ्हाईकाकडे तीन फ्लूटचा (तीन दातांचा) 16 एमएमचा एंड मिल, म्हणजे मिलिंगचं टूल, 6500 आरपीएमला बोंबलत होता. टेस्टमध्ये टूलच्या थरथरीची फ्रिक्वेन्सी 800 हर्ट्झ आली. दात त्या थरथरीच्या तालावर पडायला हवेत, म्हणून 60 गुणिले 800 भागिले 3 म्हणजे 16000, तेवढं मशीन पळत नाही, मग त्याच्या निम्मे 8000, म्हणजे दर दोन थरथरींमागे एक दात. तिथले सेटरमामा म्हणाले, "अहो साहेब, स्पीड वाढवून आवाज कमी होतो होय?" डेप्थ तीच ठेवून 8000 टाकले, आवाज बसला, भिंतीवरचे चॅटर मार्क पण गेले. मग बिल दिलं तर मालक म्हणतात दोन ठोक्यांचे एवढे पैसे? हे अजूनही ऐकावं लागतं, म्हणून आता आम्ही आधी सायकल टाइमचा हिशेब समोर ठेवतो आणि मग रेट सांगतो.

होल्डर बदलला किंवा टूल थोडं आत-बाहेर झालं की आकडे बदलतात. रिपोर्टवर ओव्हरहँग ठळक छापतो तरी लोक कोलेटमध्ये (टूल आवळून धरणाऱ्या भागात) अंदाजानेच पकडतात आणि वर आम्हालाच फोन! पातळ भिंतीच्या जॉबचं मात्र वेगळं आहे, तिथे जॉबच, म्हणजे कापला जाणारा तुकडाच, थरथरतो आणि मटेरियल निघेल तशी त्याची फ्रिक्वेन्सी सरकत जाते. ते अजून आम्हाला नीट जमलेलं नाही, सध्या रविवार त्यातच जातायत.