इलोइलोच्या जावयाचा व्हिसा

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा माझी बायको मारिसेल मिळेल त्या विमानाने पुढे गेली. मी पंधरा दिवसांनी अमेरिकेहून निघालो आणि विमानतळावर चेक-इनच्या काउंटरलाच अडलो. परतीचं तिकीट साडेतीन महिन्यांनंतरचं होतं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "तीस दिवसांच्या आत फिलिपिन्सबाहेर पडण्याचं तिकीट दाखवा." मी लग्नाचा दाखला पुढे केला, बालिकबायन, म्हणजे मायदेशी परतणाऱ्या फिलिपिनोंच्या, सवलतीत याआधी वर्षभराचा शिक्का मिळाल्याचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या मिसेस कुठे आहेत?" त्या तर इलोइलोच्या हॉस्पिटलात वडिलांच्या उशाशी होत्या. शेवटी बाजूला उभं राहून फोनवरूनच मनिला-सिंगापूर तिकीट काढलं, तेव्हा बोर्डिंग पास हातात आला. मनिलाला शिक्का पडला तो तीस दिवसांचाच.

चूक माझी होती, नियम स्पष्ट आहे. बालिक म्हणजे परतणं, बायन म्हणजे देश. १९८९ चा ६७६८ क्रमांकाचा कायदा आणि त्यातली २००२ ची दुरुस्ती यांनुसार, परदेशातून मायदेशी येणाऱ्या फिलिपिनो माणसाच्या नवऱ्याला किंवा बायकोला व्हिसाशिवाय एक वर्ष राहता येतं. फी नाही, अर्ज नाही. पण दोघांनी एकत्र प्रवास करायचा, इमिग्रेशनच्या खिडकीशी एकत्र उभं राहायचं. २०१७ मध्ये आम्ही तसेच गेलो होतो. अधिकाऱ्याने मारिसेलचा जुना फिलिपिनो पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला पाहिला आणि दोन मिनिटांत शिक्का मारला. ती सवलत जावई म्हणून माझी आहे, असंच मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती तिची होती, मी तिच्यासोबत होतो म्हणून मला मिळाली.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी इथे विशेष सांभाळावं. २०१० मध्ये मी पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा माझा पासपोर्ट भारतीय होता आणि बायको शेजारी असूनही मला आधी रीतसर व्हिसा काढावा लागला होता. जून २०२५ पासून भारतीयांना १४ दिवस व्हिसाशिवाय जाता येतं. पर्यटनाला ते पुरतं, आजारी माणसाची सेवा करायला नाही. माझं पुढचं सगळं अमेरिकन पासपोर्टवर झालेलं आहे.

त्या तीस दिवसांच्या शिक्क्यावर मी इलोइलोच्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन २९ दिवसांची मुदतवाढ घेतली, म्हणजे एकूण ५९ दिवस. पुढेही पैसे भरून वाढवत राहता आलं असतं. पण सासऱ्यांना उजवा हात उचलता येत नव्हता, सासूबाई थकल्या होत्या, आणि पुढची काही वर्षं आम्हा दोघांना आळीपाळीने ये-जा करावी लागणार हे दिसत होतं. निवृत्तांसाठीचा व्हिसा असतो, पण त्यासाठी मोठी ठेव बँकेत अडकवावी लागते. उरला १३ (ए): १९४० च्या इमिग्रेशन कायद्यातलं ते कलम फिलिपिनो नागरिकाच्या जोडीदाराला कायम वास्तव्याचा हक्क देतं. ज्या देशात फिलिपिनो लोकांना तशीच सवलत मिळते, त्याच देशाच्या नागरिकांसाठी ते आहे, म्हणून तुमचा पासपोर्ट चालतो का हे सगळ्यात आधी विचारून घ्या.

तिथे असताना अर्ज केला तर आधी एक वर्षाचा परिवीक्षाधीन व्हिसा मिळतो, कायमचा नंतर. मी परत येऊन न्यूयॉर्कच्या फिलिपिन्स कॉन्सुलेटमधून करायचं ठरवलं. जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने ३३व्या रस्त्यावर उतरायचं आणि फिफ्थ अॅव्हेन्यूने चालत ५५६ क्रमांकाची इमारत गाठायची. ही वाट मला आता पाठ झाली आहे.

पहिल्याच फेरीत खिडकीमागून प्रश्न आला, "पत्नी फिलिपिनो नागरिक आहेत?" मी हो म्हणालो आणि मारिसेलने माझ्याकडे पाहिलं. २०१२ मध्येच ती अमेरिकन नागरिक झाली होती. बालिकबायनला माजी फिलिपिनो चालतो, १३ (ए) ला चालत नाही. म्हणजे माझ्या अर्जाआधी तिला तिचं नागरिकत्व परत मिळवायला हवं होतं.

२००३ च्या ९२२५ क्रमांकाच्या कायद्याने ते करता येतं. जन्माचा दाखला, अमेरिकन नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, पन्नास डॉलर आणि शपथ. ठरलेल्या दिवशी वीसेक जणांमध्ये उभं राहून तिने उजवा हात उंचावला. मी मागच्या खुर्चीत होतो. २०१६ मध्ये मी अमेरिकन नागरिक झालो तेव्हा भारतीय पासपोर्ट परत करावा लागला होता. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे, सांगलीला कधीही जाता येतं, पण मतदान नाही, नागरिकत्व नाही. तिला तिचा देश परत मिळताना पाहून मला फार भरून आलं. बाहेर येऊन ती सगळ्यात आधी आईशी फोनवर बोलली, हिलिगायनोन या त्यांच्या भाषेत, बराच वेळ.

मग दुसरी गाठ. आमचं लग्न २००८ मध्ये न्यू जर्सीत झालं, तेव्हा ती फिलिपिनो नागरिक होती, पण आम्ही ते कॉन्सुलेटला कळवलंच नव्हतं. ती नोंद, उशीर का झाला याच्या प्रतिज्ञापत्रासह, आता केली. लग्न झाल्या झाल्या हे करून टाका. पंधरा वर्षांनी कागद गोळा करताना जीव मेटाकुटीला येतो.

बाकीचं वेळखाऊ होतं, अवघड नव्हतं: एफबीआयचा चारित्र्य दाखला, छातीच्या एक्स-रेसह वैद्यकीय तपासणी, बँकेचे कागद, नवऱ्याला व्हिसा द्यावा असं मारिसेलचं विनंतीपत्र, दीडशे डॉलर फी. वैद्यकीय अहवाल फार आधी काढू नका, त्याला मुदत असते. मुलाखतीत इलोइलोत कुठे राहणार आणि खर्च कसा भागवणार एवढंच विचारलं.

व्हिसा हाती आल्यावर मनिलात इंट्रामुरोसच्या मुख्य कार्यालयात बोटांचे ठसे दिले, आय-कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, मिळालं. जमीन मात्र माझ्या नावावर होत नाही, तिथली राज्यघटना परदेशी माणसाला ती घेऊ देत नाही. घर मारिसेलच्या नावावर राहील, आणि मला ते योग्यच वाटतं.

दरवर्षीच्या पहिल्या ६० दिवसांत हजेरी लावावी लागते. यंदा मी एकटाच आलो होतो, मारिसेलची सुट्टी मार्चमध्ये आहे. फेब्रुवारीत इलोइलोच्या कार्यालयात ३१० पेसो भरले, पावती पासपोर्टच्या पाकिटात ठेवली आणि ला पाझच्या बाजारातून सासऱ्यांसाठी बाचोय, म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, बांधून घेतलं. आता ते डाव्या हाताने चमचा धरतात.